एंद्रेकाकांच्या मयताची बिअर

माणसं येतात आणि जातात, खोऱ्यात कायमचं उरतं ते फक्त विरजण, असं एंद्रेकाका सत्तर वर्षं सांगत आले होते. हे ते नेहमी पिंपाला टेकून सांगत, आणि सांगून झाल्यावर पिंपात काही उरत नसे.

विरजण म्हणजे बिअरचं. व्हॉसच्या खोऱ्यातल्या जुन्या घरांत ते दह्याच्या विरजणासारखंच सांभाळतात: या वेळच्या पिंपातलं काढून पुढच्या पिंपात घालायचं, आणि थोडं लाकडी कड्यावर वाळवून माळ्यावर टांगून ठेवायचं. नासलंच, तर शेजाऱ्याकडे जायचं. मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही आणि देणारा त्याचं काही घेत नाही. घरात कुणी गेलं, की त्याच विरजणाची बिअर लागते, आणि आलेली माणसं ती एकाच वाडग्यातून पितात.

त्या वर्षी बर्फ वितळू लागलं तेव्हा काकांनी अंथरुणातूनच जाहीर केलं की आपली मयताची बिअर आता लावायला घ्या.

"काका, असं अभद्र काय बोलता," ओडवार म्हणाला. ओडवार हा त्यांचा पुतण्या. काकांना मूलबाळ नव्हतं, शेत आणि विरजण दोन्ही त्याच्याकडेच आलं होतं.

"मग कधी बोलू? मेल्यावर तू ऐकणार नाहीस. आत्ताही ऐकत नाहीस म्हणा. पण आत्ता लावलीस तर निदान मी चाखून जाईन. लोकांना काय पाजलं जाणार आहे ते माणसाला ठाऊक असावं."

ओडवार "बरं" म्हणाला, आणि घाईनं बाहेर पडला.

तो शाळेत गणित शिकवायचा. बिअरचा नाद त्याला काकांनीच लावला, मागच्या अंगणातल्या चूलघरात. पुढे नादाचा परवाना झाला. गोठ्यातून गाई गेल्या, स्टीलच्या टाक्या आल्या. तीन दिवस शाळा आणि शुक्रवार-शनिवार बिअर, असा संसार सुरू झाला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग दुकानदारांनी कुरकुर केली, की तुमची एक बाटली दुसरीसारखी लागत नाही. ओडवारनं विरजण शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्यात आठ जातींचे जीव एकत्र नांदतात असं निघालं. त्यांतला एक अगदी शिस्तीचा होता. तो निवडून वाढवला. बाकीच्या सातांचं काय करायचं, असं प्रयोगशाळेनं विचारलं तेव्हा ओडवारनं कळवलं, काही नको. घरचं उरलेलं त्यानं मोरीत ओतलं.

माळ्यावरचं कडं मात्र त्यानं टाकलं नाही. शनिवारी बिअर कशी करतात ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते भिंतीवर लावलं. धूळ बसू नये म्हणून आधी वॉर्निश दिलं.

काकांसाठी त्यानं त्या शिस्तीच्या विरजणाचीच बिअर लावली. मन लावून लावली. जवाच्या काढ्यात घालायच्या जुनिपरच्या डहाळ्या स्वतः डोंगरावर जाऊन तोडून आणल्या. काकांनी उशीला टेकून एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"चांगली आहे. कुणाची?"

"आपलीच, काका."

"आपली कशी असेल? मी अजून मेलेलो नाही. जीभ जागेवर आहे माझी."

ओडवारनं मग सगळं सांगितलं. प्रयोगशाळा, आठ जाती, मोरी. काका डोळे मिटून ऐकत होते.

"कडं आहे ना?"

"भिंतीवर आहे."

"मग ते भिजव."

"त्याला वॉर्निश दिलंय."

बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"किती हात?"

"दोन."

"बरं केलंस," काका म्हणाले. "एकच दिला असतास तर मला आशा राहिली असती."

ओडवारला रडू येत होतं. पन्नाशी उलटलेल्या गणिताच्या मास्तरानं कधी रडावं याचा काही नियम त्याला आठवेना, म्हणून तो वाडगा पुसत बसला.

"गुडलाइककडे जा," काका म्हणाले. "माझं एकदा नासलं तेव्हा मी त्याच्याकडून आणलं होतं. त्याचं नासलं तेव्हा त्यानं माझ्याकडून नेलं. आता कुणाचं कुणाकडे आहे ते त्या विरजणालाही सांगता यायचं नाही."

"काका, त्यांनी माझ्या बाटलीवरचं लेबल वाचलंय."

"मीही वाचलंय. तरी तुझ्याशी बोलतोय ना?"

गुडलाइकचं शेत ओढ्यापलीकडे होतं. दीड वर्षापूर्वी त्याच्या बायकोनं, इंगेबोर्गनं, दुकानातून ओडवारची बाटली आणली होती, आणि तेव्हापासून ओढ्यावरून जा-ये बंद होती. ओडवार पोचला तेव्हा म्हातारा सरपण रचत होता. त्यानं हात पुसले, ओडवारला ओसरीतल्या बाकावर बसवलं आणि कॉफी विचारली नाही. इथं दारी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. तेही झालंच: आत इंगेबोर्गनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, आणि मग पुन्हा उघडून जरा जोरात लावलं.

गुडलाइकनं फळीवरून ती बाटली काढली, चष्मा लावला आणि वाचलं. "'दोनशे वर्षं, जगात फक्त याच घरात जपलेलं विरजण.' हे वाचलं मास्तर, आणि मी बाहेर जाऊन बघून आलो, आपण नक्की कुणाच्या घरात राहतो ते."

"लेबलवर जागा कमी होती," ओडवार म्हणाला.

"'जगात' बसलं की."

येताना ओडवारनं माफीची चार वाक्यं जुळवली होती. ती आता बाकाखाली पडल्यासारखी झाली.

"मला विरजण पाहिजे," तो म्हणाला.

"तुला? तुझ्याकडे जगातलं एकुलतं एक आहे ना?"

"नाहीये. मी घालवलं."

गुडलाइकनं चष्मा काढला. "कशाला पाहिजे?"

"काकांच्या मयताला."

म्हाताऱ्याचा हात बाटलीवरच थांबला. "गेला एंद्रे?"

"नाही. थांबलेत."

"कशासाठी?"

"त्यासाठीच."

गुडलाइक उठला. माळ्याच्या शिडीवर त्याची पावलं वाजली, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं कडं होतं आणि डोळे लाल होते. "माळ्यावर धूळ फार," तो म्हणाला. "घे. कोमट काढ्यात भिजव. आणि घालताना नीट ओरड. शनिवारी दोन वाजता ओरडतोस तसं नको. ते इथपर्यंत ऐकू येतं."

विरजण घालताना पिंपात तोंड घालून ओरडायचं असतं. जेवढा आवाज मोठा, तेवढी बिअर कडक. शनिवारी पाहुण्यांसमोर ओडवार कमरेवर हात ठेवून ओरडायचा, आणि फोटो चांगले यायचे.

स्टीलच्या टाक्यांकडे तो गेलाच नाही. चूलघर उघडलं. "तिथं माझी सायकल आहे," त्याची बायको मार्गिट म्हणाली.

"काढतो."

"बागेच्या खुर्च्याही आहेत."

"त्याही काढतो." मग नवराबायकोनं मिळून खुर्च्या काढल्या, जळमटं झाडली, चूल पेटवली. दिवसभर काढा उकळला. संध्याकाळी ओडवारनं भिजवलेलं विरजण पिंपात ओतलं, वाकला आणि तोंड उघडलं. ओतलेल्या विरजणाचे ढग काढ्यात पसरत होते. मार्गिट वाट बघत उभी होती.

"ओडवार," ती हलकेच म्हणाली, "काढा निवतोय."

तेव्हा तो ओरडला. मोठा आवाज नव्हता तो. खोल होता, आणि मध्येच तुटला. मार्गिटनं चूलघराचं दार लावून घेतलं. समोरच्या घरात काकांची खिडकी होती. त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणाला कळलं नाही.

दोन दिवसांत पिंपावर दाट पिवळा फेस चढला. ओडवारनं लाकडी चमच्यातून बिअर नेली, पण काकांचं गिळणं तोवर थांबलं होतं. मग त्यानं बोट बुडवून त्यांचे ओठ ओले केले. जीभ एकदा ओठांवरून फिरली. तो वाकून थांबला. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओडवार शाळेत अपूर्णांक शिकवत असताना ते गेले.

मयताला सारं खोरं आलं. टेबलावर खारवलेलं मटण, पापडासारखी पातळ भाकरी आणि सायीची खीर होती. गुडलाइक काळा कोट घालून एकटाच आला आणि दाराजवळ बसला. वाडगा हातोहात फिरू लागला. लोक पीत होते, माना हलवत होते, पण बघत सगळे दाराकडेच होते. लेबल कुणी वाचलं नव्हतं असं नाही. बिअर काकांची झाली की नाही, हे आता सांगू शकेल असा तो एकच माणूस उरला होता.

वाडगा त्याच्यापर्यंत पोचला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि प्यायला. इतरांपेक्षा जास्त वेळ प्यायला. मग वाडगा शेजाऱ्याला दिला, मिशी पुसली आणि खिडकीबाहेर बघत बसला. ओडवारला विचारायचा धीर होईना.

माणसं उठू लागली तेव्हा गुडलाइक कोटाची बटणं लावत त्याच्याजवळ आला. ओडवार सरळ उभा राहिला. खोलीतलं बोलणं आपोआप थांबलं.

"एक वाडगा भरून बाहेर दे," गुडलाइक म्हणाला. "इंगेबोर्ग फाटकाबाहेर गाडीत बसलीय. या अंगणात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतलीय तिनं. पिणार नाही असं काही म्हणाली नव्हती."

ओडवारनं मान हलवली. तो वाडगा भरायला वळला.

"आणि थोडं मटण दे बरोबर," गुडलाइक मागून म्हणाला. "चरबीचं नको, तिला पचत नाही."