तडा गेलेली मधली काच

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, आरसा म्हणजे थंड डोक्याचा, असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी संतापलेला आहे.

तालमीच्या हॉलची एक अख्खी भिंत माझी. लाकडी चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या तीन मोठ्या काचा म्हणजे मी. मला गवतात गुंडाळून, तळहातावरच्या फोडासारखं जपत इथे आणलं. इथली मंडळी हौशी. दिवसभर दुकान, दवाखाना, कचेरी सांभाळायची आणि संध्याकाळी येऊन गाण्यानाचाचं नाटक बसवायची. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. "आरसा असावा तर असा!" म्हणत आणि रोज मला पुसत.

मग मंडळाच्या अध्यक्षांनी शिडी आणली. स्वतःचा फोटो भिंतीवर उंच लावायचा होता ना! शिडी सरकली, माझ्या मधल्या काचेवर आदळली आणि वरपासून खालपर्यंत तडा गेला. फोटो लागला. मला चिकटपट्टी लागली. काच बदलायची कोणी आठवण करून दिली की अध्यक्ष म्हणत, "नंतर बघू." म्हणून मी त्यांचं नावच नंतरबघू ठेवलं. चिकटपट्टी पिवळी पडली, पण ते 'नंतर' काही उजाडेना.

आजवर नाटक बसवायला बाहेरचे कोणीतरी सर यायचे. यंदा मंडळींतल्याच ताईनं ते हट्टानं मागून घेतलं, गाणी, नाच सगळं. ताई पोस्टात काउंटरवर बसते. नंतरबघू म्हणाले, "करा हौस. पण फसलं तर पुन्हा मागायचं नाही." ताईनं ओठ घट्ट मिटून मान हलवली.

नाटक नावाड्यांचं होतं. शेवटच्या गाण्यात सगळ्यांनी हात धरून एक लांब साखळी करायची आणि त्या साखळीचीच होडी होऊन डोलायची. ताई पावलं दाखवी आणि मंडळी माझ्यात बघून शिकत. आता माणसांची तऱ्हा बघा! तड्यासमोर उभं राहिलं की तोंडाचे दोन तुकडे दिसतात, एक डोळा वर, एक खाली. मग तिथे कोण उभं राहणार? ढकललं ताईच्या जाऊबाईला. ती बेकरी चालवते. अंगानं भरलेली, आवाज खणखणीत, आणि कोणाला नाही म्हणणं जमत नाही. "वहिनी एकीच्या दोन झाल्या, आता होडी बुडते!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे फिदीफिदी हसले. रोज तोच विनोद. ताईनंही ऐकला. "चला, पाच, सहा, सात, आठ," एवढंच म्हणाली. मला हात असते तर एकेकाचे कान उपटले असते!

एक दिवस जाऊ आलीच नाही. पुढेही नाही. कोणी साधी चौकशी केली नाही. तिच्या जागी कोणी उभंही राहिलं नाही. सगळे तड्याच्या अलीकडे नि पलीकडे दाटीवाटीनं नाचत राहिले. माझ्यात साखळी तुटलेली दिसे, पण ती तड्यामुळेच, असं सगळे धरून चालले. ताईसुद्धा.

प्रयोगाआधी थिएटरात तालीम झाली. तिथे आरसा नव्हता. मोबाईलवर तिचं चित्रण केलं होतं, ते मंडळींनी माझ्यासमोर बसून पाहिलं. होडीच्या मधोमध हे एवढं मोठं भोक! आधी सगळे एकमेकांवर घसरले. मग नंतरबघू म्हणाले, "हा फुटका आरसाच नडला. उद्या भंगारात द्या."

चोर तो चोर, वर शिरजोर!

ताई उठली आणि तड्यासमोर जाऊन उभी राहिली. मी तिला तिची दोन तोंडं दाखवली, जराही दयामाया न करता. तेवढ्यात दारात जाऊ आली. नाचाचे कपडे परत द्यायला आली होती, कोपराला पीठ तसंच.

"परत ये ना गं," ताई म्हणाली.

"मला बोलावतेयस की भोक बुजवतेयस?"

ताईची मान खाली गेली. "भोकच बुजवत होते. ते हसायचे तेव्हा मी गप्प बसले. मला माझं नाटक प्यारं होतं. चुकलं माझं."

जाऊनं कपडे छातीशी धरले. "येते. त्याच जागेवर उभी राहते. पण आधी इथल्या प्रत्येकानं तिथे उभं राहून अख्खं गाणं म्हणायचं. सुरुवात अध्यक्षांपासून."

"अहो, मला कुठे गाता येतं?" नंतरबघू हसत मागे सरकले.

"शिडी लावता आली ना? मग उभंही राहता येईल!" ताई कडाडली.

राहिले उभे. दोन तोंडं, दोन मिशा. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि त्यांचे कान लालबुंद झाले. गाणं संपेपर्यंत ताईनं त्यांना हलू दिलं नाही. मग एकेक जण उभा राहिला. शेवटी शेवटी कोणाला हसू येईना.

प्रयोगात होडी झकास डोलली म्हणे. पुढचं नाटकही ताईच बसवणार आहे. छान झालं. पण माझा राग गेलेला नाही. का ते ऐका. जाऊच्या तोंडाचे रोज तुकडे होत होते, तेव्हा काच 'नंतर'. नंतरबघूंच्या तोंडाचे एकदाच झाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच काचवाला माप घ्यायला दारात हजर!

मित्रांनो, आरसा पुसा, जपा, फुटला तर दुरुस्त करा, हे मी सांगेनच. पण त्याआधी आपल्या घरात, आपल्या वर्गात जा आणि तड्यासमोर तुम्ही कोणाला उभं केलंय ते बघून या. जा, आत्ता. नंतर नको.