नॅटची काच

कुंडलिक साळवेला पॅरॅलिसिसचा झटका आला, तेव्हा त्याचं नॅट जवळजवळ पूर्ण झालं होतं. पासष्टच्या लढाईतल्या चिमुकल्या लढाऊ विमानाचं मॉडेल. प्लॅस्टिकच्या किटमधून जोडलेलं, तळहातावर मावणारं. आत वैमानिकाची सीट, तिचे पट्टे, टाचणीच्या टोकाने रंगवलेले मीटर. फक्त वरची पारदर्शक काच लावायची राहिली होती.

झटक्यानंतर उजवा हात मांडीवर पडून राहू लागला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'चहा'. पाणी हवं असो, पंखा बंद करायचा असो, लेकीची, सपनाची आठवण येवो, तोंडातून निघायचं ते 'चहा'च. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत." राधा, त्याची बायको, डोळ्यांवरून ओळखायला बघायची. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही.

समोरच्या ब्लॉकमधला चंद्रप्रकाश राणे त्याचा जुना दोस्त. दोघांनी विमानतळावर एकत्र नोकरी केली आणि मुलुंडला एकाच सोसायटीत घरं घेतली. पण किट जोडायचा तो कुंडलिक. चंद्रप्रकाश नुसता बाजूला बसून बडबडायचा. एका रविवारी दुपारी त्याने टेबलावरचं नॅट उचललं.

"अरे, एवढंच राहिलंय ना? मी लावतो. तू फक्त बघ."

कुंडलिकचा चेहरा खुलला. राधाने तो असा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

चंद्रप्रकाशने खिशातून सुपरग्लूची ट्यूब काढली.

"चहा," कुंडलिक म्हणाला.

"वहिनी, चहा मागतोय हा."

"काय मागतायत कोण जाणे, भाऊजी."

"चहा! चहा!" कुंडलिकचा डावा हात भिंतीवरच्या फळीकडे गेला, मग टेबलावर आपटला. राधा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली आणि आधण ठेवलं.

"हो रे, झकास दिसणार," चंद्रप्रकाश हसला. "पण हलू नको, धक्का लागेल." त्याने कुंडलिकचा डावा हात मायेने टेबलावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने काच बसवली. कुंडलिकच्या घशातून नुसता आवाज येत राहिला.

चहा पिऊन होईपर्यंत काचेवर पांढरट साय धरली. चंद्रप्रकाशने रुमालाने पुसलं. पुन्हा पुसलं. आतली सीट, पट्टे, मीटर, काही दिसेना.

"हे आतून आलंय," तो हळूच म्हणाला.

राधाने फळीवरून एक छोटी बाटली उतरवली. "काचेला हा गोंद लावायचे ते. सुपरग्लूची वाफ काचेवर धरते म्हणायचे." बोलता बोलता ती थांबली. कुंडलिक मघापासून कुठे हात करत होता, ते दोघांनाही एकदमच कळलं.

"मला सांगायचंस ना, यार," चंद्रप्रकाशच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

कुंडलिक रडला नाही. रागावलाही नाही.

चंद्रप्रकाशने काच सोडवायला नख घातलं, तर कडेला तडा गेला. "नवीन काच मागवतो. कुठूनही मागवतो," असं म्हणत त्याने तिथेच फोनवर शोधाशोध केली. किट परदेशातलं, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मग तो विमान घरी न्यायला निघाला, एखादा कारागीर बघतो म्हणाला. पण कुंडलिकने डाव्या हाताने ते ओढून पोटाशी धरलं आणि सोडेना.

थोड्या वेळाने तो अंगठ्याने काच घासू लागला. बाहेरूनच. जोर लावून, सावकाश, पुन्हा पुन्हा. बाहेरून घासून काही होणार नाही, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"अहो, पुरे," राधा म्हणाली. तो थांबला नाही.

"वहिनी, मी थांबू का?"

"थांबून काय करणार तुम्ही?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

तरी चंद्रप्रकाश उठला नाही. दोघं तिथेच बसून त्याचा अंगठा बघत राहिली.