सोयराबाईंचे काठ आणि गोणपाटातली डिस्क

चिकपेटेच्या कापडबाजारात साड्यांचा ठोक व्यापार करणाऱ्या रघुजींचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: गठ्ठा हातात घेतला की आत किती माल आहे ते कळतं. त्यामुळे पाचशे जीबीच्या डिस्कचा बॅकअप साठ जीबीत मावेल, हे ऐकून त्यांनी पुतणीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मधला माल तिनंच लांबवला.

"काका, डिस्क पाचशेची असली तरी भरलीय नव्वदच," रक्षिता म्हणाली. हेब्बाळच्या कंपनीत तिचं कामच हे होतं. "रिकाम्या जागेची प्रत कशाला? आणि जे आहे ते दाबून बसवायचं."

"प्रेसमध्ये घालून गासडी बांधतात तसं?"

"अगदी तसंच."

"सरी, ठीक आहे. मग बांध."

हा सगळा खटाटोप सोयराबाईंच्या काठांसाठी होता. रघुजींची बायको गेली कित्येक वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढत होती. ते ज्या प्रोग्रॅममध्ये उघडायचे, तो विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नुसते काठ जपून प्रोग्रॅम गेला तर उपयोग शून्य. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत घ्यायची, असं ठरलं.

रक्षिता कॉफी प्यायला आत गेली आणि रघुजी पडद्यापुढे बसले. डिस्कचे भाग ओळीनं मांडले होते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मोठा भाग ठीक. पण वरती एक चिमुकला तुकडा, नाव ना गाव. कटपीस! चांगल्या मालाच्या गठ्ठ्यात कटपीस घालणारा व्यापारी त्यांनी आजवर दारात उभा केला नव्हता. त्यांनी खूण काढून टाकली आणि बटण दाबलं. ह्या माणसाला कुणी विचारलं होतं का? पण विचारायची वाट पाहतील तर ते रघुजी कसले.

काम संपल्यावर रक्षिता म्हणाली, "आता दुसऱ्या एखाद्या डिस्कवर हे उतरवून बघू. बघितल्याशिवाय बॅकअपचा भरवसा नाही."

"बांधलेला गठ्ठा घेणाऱ्या पार्टीच्या दुकानातच सुटतो," रघुजींनी निकाल दिला. त्यांनी ती बॅकअपची डिस्क गोणपाटात गुंडाळली, दाभणानं सुतळीचे टाके घातले, कुंकू लावलं आणि देवघराच्या कपाटात ठेवून दिली.

पुढे आयुधपूजा आली. तराजू, कात्री, स्कूटर सगळ्यांना हळदकुंकू झालं. कॉम्प्युटरला मात्र रघुजींनी आंब्याच्या पानानं तीर्थही शिंपडलं, तेही सढळ हातानं, वरच्या जाळीतून थेट आत. फस्स झालं. खोलीत जळका वास पसरला.

रक्षितानं येऊन पाहिलं. बाकीचं सुकवून चाललं, डिस्क मात्र गेली. तिनं एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून नवी आणून बसवली. सोयराबाई निवांत भाजी निवडत बसल्या, त्यानंच रघुजींचा जीव जास्त घाबरा झाला.

गोणपाटाचे टाके त्यांनी स्वतः कापले. बॅकअप नव्या डिस्कवर उतरू लागला. "अक्का, एक विचारू?" त्यांनी शेजारच्या अंबुबाईंना हळूच गाठलं. "कॉम्प्युटरमधला एक बारका तुकडा नसला, तर काही बिघडतं?" अंबुबाईंच्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता. "स्वल्प देवाचं नाव घ्या," त्या म्हणाल्या. रघुजींनी घेतलं. त्या तुकड्यात नेमकं काय होतं कोण जाणे, पण बायकोची एवढी वर्षं आपण कात्रीनं कापली, असं वाटून त्यांना रडू येत होतं.

पडदा उजळला. प्रोग्रॅम उघडला. मोर, कमळं, रुद्राक्ष, सगळे काठ जागच्या जागी.

"बघितलंत?" रघुजी ओरडले. "कटपीसशिवाय चाललं!"

रक्षितानं काकूकडे पाहिलं.

"चाललं नव्हतं," सोयराबाई म्हणाल्या. "तुम्ही पूजेआधी मालाला सुरतेला गेला होतात ना, तेव्हा आम्ही गोणपाट उसवून, बॅकअप जुन्या एका डिस्कवर उतरवून बघितलं. नुसता काळा पडदा. कॉम्प्युटर चालू होतो तोच त्या तुकड्यावर म्हणे. मग त्या तुकड्यासकट सगळ्याचा बॅकअप नव्यानं घेतला आणि परत गोणपाटात भरला."

"पण टाके तर माझेच होते! आज मीच कापले की!"

"तुमच्यासारखे वाकडे टाके घालायला," सोयराबाई म्हणाल्या, "मला अख्खी दुपार लागली."