कास्पार नोल्केंपरचं गाव

“नावाच्या मागे लागू नकोस, पोरी. नाव जमिनीचं असतं, माणसाचं नसतं.” वाटाणे सोलता सोलता हुल्डाआत्या म्हणाली होती. लिओरानं ते कानाआड केलं. इतिहास घेऊन कॉलेज झालेली ती; म्हातारीची बोलणी तिला गोड वाटायची, पण कामाची नाही.

“नाव नाही तर शोधायचं काय, आत्या? मिशा?”

दोघी हसल्या होत्या. कास्पारचा फोटो समोरच भिंतीवर होता, आणि मिशा खरोखरच बघण्यासारख्या होत्या.

हुल्डाआत्या म्हणजे लिओराच्या आजोबांची बहीण, पण सगळं घर तिला आत्याच म्हणे. कास्पार नोल्केंपर तिचे वडील. ते १८८२ साली जर्मनीतून बोटीनं अमेरिकेत आले, मिझुरीत मका लावला, पंचेचाळिशी उलटल्यावर लग्न केलं आणि १९११ ला गेले. कुठल्या गावचे, ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. चर्चच्या मागे दफनभूमीत सगळ्यांच्या दगडांवर जन्मगाव कोरलेलं. कास्पारच्या दगडावर मात्र वीतभर जागा तशीच कोरी. भावंडांत आता एकटी हुल्डाआत्या उरली होती, नव्वद वर्षांची, वृद्धाश्रमात. “पपांच्या शेजारी जाऊन पडायच्या आधी त्यांचं घर कुठं होतं तेवढं मला कळू दे,” एवढंच तिचं मागणं.

लिओरा जर्मनीतल्या चर्चना पत्रं लिहायला लागली तेव्हा तिची ट्रूडी दोन महिन्यांची होती. चार ओळी लिहायच्या, उठायचं, पाळण्यात वाकून श्वास चालू आहे ना बघायचं, परत चार ओळी. तिचा नवरा मर्ल म्हणायचा, “अगं, ती श्वास घ्यायला नाही विसरणार. तूच विसरशील.”

सगळ्या पत्रांत एकच प्रश्न: कास्पार हाइनरिष नोल्केंपर, जन्म १८३८, यांचा बाप्तिस्मा तुमच्या वहीत आहे का? चौदा ठिकाणांहून ‘नाही’ आलं. पंधराव्या चर्चनं कळवलं की नोल्केंपर नावाचं जुनं शेत आमच्याकडे आहे, त्या नावाची पुष्कळ मुलंही आहेत, पण हा कास्पार नाही. लिओरानं त्या गावावर लाल काट मारली आणि पुढं गेली. अशी दोन वर्षं गेली.

ट्रूडीला जोराचा ताप आला, त्या आठवड्यात लिओराला वृद्धाश्रमात जाता आलं नाही. नंतर गेली तर आत्या एकदम वाळलेली दिसली. शेजारी बसून लिओरानं हळूच विचारलं, “आत्या, ते जमिनीचं नाव म्हणजे काय गं?”

“आता विचारतेस होय! पपा म्हणायचे, टोपी बदलावी तसं मी एकदा नाव बदललं. टोपी डोक्याला बसली, पण होती दुसऱ्याची.”

घरी येऊन लिओरानं त्या नोल्केंपर शेतवाल्या पंधराव्या चर्चला परत लिहिलं. नाव लग्नात तर बदललं नसेल, म्हणून या वेळी बाप्तिस्मा नाही, लग्न विचारलं.

पाद्रीबाबांचं उत्तर आलं. कास्पार नोल्केंपरांच्या शेतावर घरजावई गेला होता. त्यांच्या रिवाजाप्रमाणे घरजावयाला शेताचंच नाव लागतं. बायको विधवा होती, पहिल्या नवऱ्याचा मुलगा तिच्या पदरात. कास्पारनं सतरा वर्षं ते शेत कसलं. मग बायको वारली, मुलगा कर्ता झाला आणि शेत त्याचं झालं. कास्पारला रिवाजानं कडेच्या खोलीत राहता आलं असतं. तो राहिला नाही. जन्मानं तो विबेलर, शेजारच्या होर्स्टेबेक वाडीतला, दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्यांच्या घरचा. ओढ्याकाठचं ते शेवटचं घर अजून उभं आहे, विल्हेल्मिने विबेलर नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तिथं एकटीच राहते.

लिओरानं पत्र वाचून दाखवलं.

“म्हणजे आत्या, आपण खरे विबेलर.”

“तू हो. मी नव्वद वर्षं नोल्केंपर म्हणून सही केलीय, आता हात वळायचा नाही.” मग आत्या म्हणाली, “इथं त्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं कोणीच नव्हतं गं. आम्हीसुद्धा नाही.”

“गाव कोरायला सांगू?”

“थांब. पपा घर सोडून गेले होते ना? आधी घरच्यांना विचार. आमचा म्हणतात का, ते विचार.”

लिओरानं विल्हेल्मिनेबाईंना लिहिलं. ऑक्टोबरात उत्तर आलं, पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरांत: ‘आमच्या बायबलात घरातली सगळी नावं आहेत. कास्पारच्या नावापुढं माझ्या आजीनं एवढंच लिहिलंय, गेल्यापासून पत्र आलं नाही. त्याला मुलगी आहे हे आम्हाला कुठं ठाऊक! तिचं नाव, जन्मतारीख कळवा, मी त्याच्याखाली लिहिते. मला खोकला आहे, पण कोंबड्या बऱ्या आहेत.’

आत्यानं ते पत्र उशीखाली ठेवलं. स्वतःचं नाव, तारीख तिनं स्वतः लिहून दिली. अर्धा दिवस लागला. ते पत्र गेलं. नंतर दोन पत्रं गेली, नाताळचं कार्ड गेलं. उत्तर नाही. त्या घरी टेलिफोन नाही. पाद्रीबाबांची बदली झाली, नव्यांकडून अजून काही कळलेलं नाही.

आता मार्च उजाडला. “लिहिलं असेल का गं तिनं?” आत्या रोज विचारते. लिओरा “लिहिलं असेल” म्हणते, आणि गाडीत बसल्यावर तिला पेन्सिलीनं लिहिलेला तो खोकल्याचा शब्द आठवतो.

अखेर तिनं वंशावळी शोधणाऱ्यांच्या त्रैमासिकाला मजकूर पाठवला. लोक तिथं पूर्वज विचारतात. तिनं लिहिलं:

‘मला कोणाचा जन्म किंवा लग्न शोधायचं नाही. तुमच्यापैकी कोणी उन्हाळ्यात जर्मनीत वेस्टफालियाकडे जाणार असेल, किंवा तुमचं कोणी नात्याचं तिथं असेल, तर होर्स्टेबेक वाडीत ओढ्याकाठच्या शेवटच्या घरी जा. दार जोरात वाजवा, बाईंना कमी ऐकू येत असेल. विल्हेल्मिने विबेलर बऱ्या आहेत का, खोकला गेला का, सरपण आहे का, एवढं बघा आणि मला कळवा. कृपा करून लवकर जा.’