करपलेला भोपळा

सुगी संपली, गिरणीत शेवटचं पोतं दळून झालं, की गावात एक दिवस सगळं बंद असतं. घरोघर मोठं जेवण होतं आणि वर्षभर जे पदरात पडलं त्याचे आभार मानले जातात. हा दिवस का पाळायचा, याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. फार पूर्वी उपाशी लोकांना परक्यांनी बियाणं दिलं, पीक आल्यावर सगळे एकत्र जेवले, वगैरे. असेलही तसं. पण प्रत्येक घराची आपली एक गोष्ट असते आणि ती सगळ्यांना माहीतच आहे असं घरचे धरून चालतात. गिरणीवाल्यांच्या नव्या सुनेला ती कुणी सांगितलीच नाही, म्हणून सगळा घोटाळा झाला.

सून दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करायची. स्वच्छतेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासूबाई तिला एकदाच भेटल्या होत्या. "माझ्यासारखी व्हायला जाऊ नकोस हं, तू तुझ्यासारखीच राहा," असं म्हणाल्या आणि लग्नाआधीच गेल्या. आज त्यांच्या माघारी पहिलं मोठं जेवण होतं आणि स्वयंपाक सुनेकडे होता. घरात कुणाला त्यांची उणीव भासू नये, एवढीच तिची धडपड होती.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर कोपऱ्यात एक पातेलं, आणि त्यात भोपळ्याचा पार कोळसा! सासरे आणि नवरा आत्याबाईंना आणायला स्टेशनवर गेले होते. बिचारे बाबा मदत करायला गेले असतील, तिला वाटलं. सून घरात असताना म्हाताऱ्याला चुलीशी उभं राहावं लागतं, असं आत्याबाईंच्या मनात यायला नको. तिने तो कोळसा परसात नेऊन कोंबड्यांपुढे टाकला, तारेच्या घासणीने पातेलं आरशासारखं लख्ख केलं आणि दुसरा भोपळा चिरायला घेतला. गुळाचा खडा घालून, मंद आचेवर, अगदी जीव ओतून तिने तो शिजवला.

दुपारी सगळे टेबलाशी बसले. सासूबाईंची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे एक रिकामी वाटी होती. सासरे आत गेले आणि तसेच हात हलवत परत आले.

"सूनबाई, कोपऱ्यात एक पातेलं होतं गं?"

"घासून ठेवलं, बाबा. करपलं होतं ना सगळं? टाकून दिलं."

नवरा ताटाकडे बघत बसला. सासरे "बरं केलंस" म्हणाले आणि खुर्चीत बसले, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"हिला सांगितलं नाहीत कुणी?" आत्याबाई भावावर आणि भाच्यावर उखडल्या. "तोंडं शिवली होती का तुमची?" मग सुनेकडे वळून त्यांनीच सांगितलं. "लग्नाच्या पहिल्या वर्षी याचा, तुझ्या सासऱ्याचा, हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला. ऐन सुगीत. वहिनीने एकटीने गिरणी चालवली. आजच्या दिवशी ती पिठाने पांढरीफटक होऊन घरी आली, तर या पठ्ठ्याने तिच्यासाठी एका हाताने भोपळा रांधायला ठेवला होता आणि चुलीपुढेच याचा डोळा लागला. सगळा जळला. तिने तो सगळा खाल्ला आणि म्हणाली, छान झालंय. तेव्हापासून दरवर्षी हा मुद्दाम करपवायचा आणि ती खायची."

सून उठली. नवरा "अगं, राहू दे," म्हणाला. "तुम्ही बसा," तिने सांगितलं आणि आत जाऊन गॅस मोठा केला. जिने कधी दूध उतू जाऊ दिलं नव्हतं, ती आता जळण्याची वाट बघत उभी राहिली. हात सारखा बटणाकडे जायचा, ती मागे घ्यायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळंच काही धुरामुळे नव्हतं. धूर बाहेरच्या खोलीत पोचल्यावर तिने पातेलं उचललं.

तिने वाटी भरून खुर्चीपुढे ठेवली. सासरे बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती स्वतःकडे ओढली आणि चमचा तोंडात घातला.

"अरे देवा! कडूजहर आहे हे!" त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "मला कधी चाखूच दिलं नाही तिने. 'माझं आहे, हात लावायचा नाही' म्हणायची. दरवर्षी हे खात होती ही बाई?"

ते हसायला लागले, आणि हसता हसताच रडू लागले. आत्याबाईंनी पदराने डोळे टिपले.

"पाणी प्या, बाबा," सून म्हणाली.

"पाणी नको. तुझा तो चांगला भोपळा आण बघू. सकाळपासून खपत होतीस ना?"

सून घुटमळली. "तो हाच होता, बाबा. घरात आणखी भोपळा नव्हता."

सासऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. पुन्हा चमचा उचलला आणि एकही घास न टाकता, तोंड वाकडं न करता त्यांनी वाटी रिकामी केली.

"छान झालंय," ते म्हणाले.