नव्याण्णव थेंब पाणी

महेश्वरीला शेवटची पाळी येऊन बारा आठवडे झाले होते. पोट मात्र पाचव्या महिन्याचे दिसत होते. दिवसाला आठ-दहा ओकाऱ्या होत. गर्भचाचणीची पट्टी तीनदा नकारार्थी आली होती. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि तिच्या घराशेजारी राहते, म्हणून तिची सासू गौरम्मा तिला घेऊन माझ्याकडे आली.

“पट्टी न्हाय म्हणतीय आणि पोट तर वाढतंय. बाहेरचं हाय, बाई. उद्या गावाकडं पोट चोळणारीकडं नेते.”

“पट्टी वापरताना चूक झाली असेल. उद्या सकाळी माझ्यासमोर करू, मग ठरवा.” बहुतेक गूढे एवढ्यावरच संपतात.

सकाळची पहिली लघवी, कोरडी डबी, मुदत न संपलेली पट्टी, ड्रॉपरने तीन थेंब, घड्याळ लावून पाच मिनिटे. एकच रेघ उमटली, पट्टी चालू असल्याची. चूक शोधायला जागा उरली नाही.

“बघितलंसा? चल गं, रिक्षा थांबलीय.”

महेश्वरी उठली नाही. “मॅडम, कालपासून तपकिरी डाग पडतोय. चोळल्यावर लई दुखंल का?”

डाग ऐकून मला वेगळी शंका आली. लघवीचा एक थेंब घेतला आणि त्यात नव्याण्णव थेंब पाणी मोजून घातले.

“एवढ्या पाण्याच्या ताकाला मांजरबी तोंड लावत न्हाय,” गौरम्मा हसली.

नव्या पट्टीवर दुसरी रेघ मिनिटभरात उमटली, पहिलीपेक्षा गडद. गौरम्माचे हसू थांबले.

“पाणी घातल्यावर घट्ट कसं झालं, बाई?”

कारण मला ठाऊक होते. रेघ उमटायला गरोदरपणाच्या संप्रेरकाचा एकच कण पट्टीवरच्या दोन रसायनांनी दोन बाजूंनी धरावा लागतो. कण बेसुमार झाले की प्रत्येक रसायन वेगळाच कण धरून बसते आणि रेघ हरवते. पाण्याने कण कमी झाले म्हणून ती दिसली. एवढे संप्रेरक एका गर्भामुळे सहसा तयार होत नाही.

“म्हंजे हाय की!” गौरम्माने सुनेच्या हनुवटीला हात लावला. “साखर आणते.”

“साखर नको. रिक्षा दवाखान्यात न्यायची. आणि पोटाला कुणी हात लावायचा नाही.”

सोनोग्राफीच्या पडद्यावर उफणताना भूस उडावे तसे करडे ठिपके होते आणि त्यांत लहानमोठे काळे फुगे. डॉक्टरांनी यंत्र पोटभर फिरवले. हृदयाचे ठोके कुठेच नव्हते.

“गर्भ नाही. त्याला पोसणारी वार तेवढी वाढतेय. पिशवी आजच रिकामी करायला हवी. चोळलं असतं तर रक्तस्राव आवरला नसता.”

“बाळ कधी गेलं?” महेश्वरीने विचारले.

“बाळ तयारच झालं नव्हतं.”

ती पडद्याकडे पाहत राहिली. “मग ही कुणासाठी वाढत होती?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

“बंद करा की ते,” गौरम्मा म्हणाली. “अजून हलतंय.”

डॉक्टरांनी पोटावर फिरणारे यंत्र उचलले. पडदा काळा झाला. महेश्वरीने स्वतःच संमतीपत्र मागून घेतले आणि आडवी असतानाच सही केली.