तिसरी मूठ

सुमित्राबाईचे गुडघे दुखत नव्हते. साफ खोटं! दिवसभर धानाच्या बांधीत वाकून कापणी करणाऱ्या बाईचे गुडघे नेमके शनिवारीच कसे धरतात, हे सालेकशाजवळच्या त्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, कुणी विचारलं नाही. सुमित्राबाई खोटं बोलेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

शनिवारचं तिचं काम ठरलेलं. टोल्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच, पण प्रत्येक घरात चुलीजवळ एक मडकं. भाताला तांदूळ घेतले की धुण्याआधी त्यातली एक मूठ मडक्यात टाकायची, ती देवाची मूठ. शनिवारी सुमित्राबाई पोतं घेऊन घरोघर फिरायची आणि कुणाचं मडकं रिकामं दिसलं की दारातूनच ओरडायची, "काऊन व, या आठवड्यात देवाले उपाशी ठेवलं का?" बायका हसायच्या, लाजायच्या आणि मुकाट्यानं जास्तीचं आणून ओतायच्या. तो तांदूळ जायचा पार छत्तीसगडच्या जंगलात, चर्चच्या मंडळीनं चालवलेल्या छोट्याशा दवाखान्याच्या रांधणीत. आजारी माणसं कुठून कुठून पायी यायची, सोबत घरचे असायचे, आणि सगळ्यांचं जेवण तिथंच व्हायचं. तिथली नर्स रीना. सुमित्राबाईची एकुलती एक पोरगी.

रीना तिकडे कामाला गेली तेव्हा सुमित्राबाईचा हात ऐकेचना. घरात आता ती आणि नवरा यादोराव, पण तांदूळ घ्यायला बसली की हात आपला तिघांचे घ्यायचा. रोज भात उरायचा, रोज बाई पदर डोळ्यांना लावायची. शेवटी पास्टर हेमराज म्हणाले, "बाई, देवाची मूठ टाकता ना, तशी पोरीची बी टाका. तिच्याच ताटात जाईल." तेव्हापासून तिसऱ्या ताटाची ती तिसरी मूठही मडक्यात पडू लागली. ती राशनच्या जाड्या तांदळाची नाही हो, घरच्या बांधीतल्या वासाच्या चिन्नोरची. रीनाला लहानपणापासून दुसरा भात घशाखाली उतरत नव्हता.

असं चाललं होतं. रीना एवढ्या वर्षांत एकदा नाताळाला आली, तीही पाहुण्यासारखी, पिशवी पुरती न उघडता परत गेली. मग यंदा पावसाळ्यात पास्टरसाहेबांनी उपासनेनंतर सांगितलं की तांदूळ पुरत नाही. कापणीच्या सणापर्यंत पोती भरली नाहीत तर रांधणी बंद करावी लागेल. रांधणी बंद म्हणजे दवाखाना बंद, आणि रीनाला घरी बोलवावं लागेल. सगळ्यांनी हळहळ केली. सुमित्राबाईनंही केली, पण आतून तिचं काळीज असं हरखलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

लाज वाटली, तरी शनिवारी गुडघे दुखलेच. ती फिरली नाही तशा बाकीच्या बायकाही विसरू लागल्या. देवाची मूठ तिनं थांबवली नाही, तेवढी छाती नव्हती तिची. थांबवली ती रीनाची. पण हात तर तिघांचेच तांदूळ घेत होता! मग ती तिसरी मूठही शिजवायची आणि तिसरं ताट मांडायची.

"कोन येऊन रायलं व जेवाले?" यादोरावनं विचारलं.

"कोनी नाई. तुमी जेवा."

तो भात दारच्या मोत्याच्या वाट्याला जायचा. "याले आता राखण नको, चिन्नोर पायजे," यादोराव कुत्र्याकडे बघून म्हणायचा. सुमित्राबाई हसायची नाही. तिनं रीनाची खोली सारवली, खाट उन्हात काढली आणि नवीन चिन्नोरचं एक पोतं शिवून कोपऱ्यात ठेवलं. पोरगी आली की पहिला भात याचा.

सणाच्या आदल्या दुपारी फोन वाजला. रीनाला फोन करायला टेकडी चढून जावं लागायचं, त्यामुळे ती आधी नुसतीच धापा टाकत होती.

"माय, तू बरी हायस ना? खरं सांग."

"मले का झालं व?"

"मंग चिन्नोर काऊन नाई आला?"

सुमित्राबाईनं कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं.

"मी रोज भाताच्या गंजाजवळ उभी रायते," रीना म्हणाली. "झाकण काढलं का पयली वाफ माही. एवढ्या जाड्या तांदळात तुहा चिन्नोर कितीसा, पण वास येते माय. तेवढ्यात मी घरी जाऊन येते. आता भात शिजते, पण तो वास नाई येत. मले वाटलं, माय नाई रायली न मले कोनी सांगून नाई रायलं."

"ये न बाई घरी," सुमित्राबाईच्या तोंडून निघून गेलं. "ये न व."

"यावंसं वाटते. रोजच वाटते. पन इथं बाया बाळंतपणाले जंगलातून पायी येतेत. मी आली तं त्याहिचं कोन पायील?" मग फोन कटला.

कापणीच्या सणाला प्रार्थनाघराच्या अंगणात नेहमीसारखा लिलाव लागला. कोणाचा भोपळा, कोणाची कोंबडी, कोणाची वालाची टोपली. एकानं बोली लावून घ्यायचं आणि तेच पुन्हा लिलावासाठी देवापुढं ठेवायचं, म्हणजे एकच कोंबडी अंगणभर फिरून यायची आणि भांबावून ओरडायची. तेवढ्यात सुमित्राबाई आली. डोक्यावर चिन्नोरचं पोतं, चाल तरण्या पोरीसारखी.

"गुडघे बरे झाले वाटते!" म्हातारा शालीकराम ओरडला, आणि पोत्याचा वास घेऊन त्यानं बोलीही लावून टाकली.

"याची बोली नाई लागत गा," सुमित्राबाई म्हणाली. "हे माह्या पोरीकडे जाईल, जसंच्या तसं." मग ती बायकांकडे वळली. "न तुमचे मडके काऊन रिकामे व? मी नाई आली तं देव बी जेवाचा नाई का?"

अंगणात हशा पिकला, आणि बायका उठून घरी पळाल्या. कुणी मडकं आणलं, कुणी कोठीतला नवा तांदूळ सूप भरून आणला. दुपार टळेपर्यंत पोती रचली गेली. पास्टरसाहेब म्हणाले, रांधणी पुढचं वर्षभर चालेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमित्राबाईनंही वाजवल्या आणि मग तोंडात पदर कोंबून प्रार्थनाघराच्या मागं जाऊन पोटभर रडली. रीना येणार नव्हती. आणि येऊ नये असं तिनंच केलं होतं, आपल्या हातानं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली आणि तांदूळ घ्यायला बसली. देवाची मूठ मडक्यात टाकली, दोघांपुरते तांदूळ गंजात घेतले. मग चिन्नोरची मूठ भरली. मोत्या दारात येऊन शेपटी हलवू लागला.

"तुहं नोय ते, हट!"

ती मूठ तिनं नाकाशी नेली. मग मडक्यावर वाकून हात उघडला आणि म्हणाली, "जेव पोरी, गरम हाय तोवर."